ह्यांची आंघोळ राहिली

तू तो फोन आधी पालथा ठेव, येसेनिया, आणि नुसतं ऐक. मध्ये तोंड घालायचं नाही. हसायचं तर अजिबात नाही, कारण यात एक माणूस गेलेला आहे. म्हणजे आधीच गेलेला. सांगते ना.

तर माझा बेत एकदम चोख होता. अख्ख्या ग्वायाकीलमध्ये कुठल्या गाईडनं असा बेत आखला नसेल. सकाळी शहर, दुपारी आमच्या आजोबांची कोकोची बाग, दिवेलागणीच्या आत परत हॉटेलात. पाहुणे माँतेविदेओचे. सगळे निवृत्त, सगळे सभ्य, सगळ्यांच्या काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात तो त्यांचा चहासारखा प्यायचा कडू पाला. लीमा बघून झालं होतं, कीतो बघून झालं होतं. लीमात म्हणे धुक्यात काही दिसलं नाही आणि कीतोत उंचीवर दम लागल्यामुळे काही बघवलं नाही. म्हटलं, थांबा, आमच्याकडे दिसेलही आणि श्वासही घेता येईल.

आणि हे नुसतं फिरवणं नव्हतं गं. आजोबांची जुनी बाग यात टांगणीला लागली होती. ती झाडं त्यांच्या वडिलांनी लावलेली. उंच, वाकडी, शेवाळलेली, फळ बेताचं. पण त्या बिया वाळल्या की त्यांना फुलांचा वास येतो. वेलिंग्टन मामाला तो वास येत नाही. त्याचं नाक हिशोबी आहे. त्याला तिथे नवी कलमी जात लावायची, जी चटकन लगडते आणि जिला कसलाच वास येत नाही. दोघांचं बोलणं बंद झालं होतं. म्हणजे बोलायचे, पण कुत्र्यामार्फत. "सांग त्याला, जेवायला ये म्हणून." कुत्रा बिचारा मान वळवून वळवून थकला.

शेवटी मी मध्ये पडले. म्हटलं, मामा, लोक लांबून बागा बघायला येतात, मी आणते. मामा म्हणाला, "आण. एकदाच आण. खूश होऊन गेले तर करवत परत देऊन येतो. नाही गेले तर चंद्र उतरणीला लागला, तोडीचे दिवस आले, की बाग आडवी." ती मोटरची करवत शेजाऱ्याकडून आणून ठेवलेलीच होती. ओसरीत गोणपाटाखाली पडली होती, झोपलेल्या डुकरासारखी. आजोबा येता-जाता तिच्याकडे बघायचे नाहीत. इतकं बघायचे नाहीत, की तेच दिसायचं.

आता चूक कुठे झाली, तर पहिल्याच थांब्यावर.

पाहुण्यांना दफनभूमी बघायची होती. बाहेरच्यांना आपल्या शहरात काय हवं असतं? नदी, बागेतल्या त्या घोरपडीसारख्या इग्वाना आणि ती मजल्यामजल्यांच्या कबरींची पांढरी दफनभूमी. मी म्हटलं, जाऊ या, वाटेवरच आहे, सावली आहे, संगमरवर आहे. आणि गाडी बाहेर काढल्यावर, पुलावर आल्यावर, मला आठवलं, आता थेट बागेत जायचंय.

मसणातून थेट कुठे जायचं नसतं हे काय मी तुला सांगू? बाळंतिणीच्या घरी नाही, रोपांपाशी नाही, आणि आंबायला घातलेल्या कोकोपाशी तर नाहीच नाही. मसणाचा गारठा अंगाला चिकटून येतो. बाळ किरकिरं होतं, रोप मान टाकतं आणि कोकोची पेटी गार पडते. आमचे आजोबा दर रविवारी आजीच्या कबरीवर फुलं ठेवून येतात ना, त्या दिवशी सतापाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ केल्याशिवाय स्वतःच्या बागेत पाऊल टाकत नाहीत. आणि त्या दिवशी पेटी भरलेली होती. गर घातलेला, वर केळीची पानं, आत ऐन ताप. ती पेटी म्हणजे तापाचं पोर गं. तापली तर चॉकलेट, गार पडली तर शेणखत. आजोबा तिच्या उशाशी बसून असतात.

मग मी काय केलं? माईक घेतला. म्हटलं, "मंडळी, एक छोटी विनंती. आजोबांनी विचारलं तर आपण सकाळी इग्वानांच्या बागेत होतो."

पाहुण्यांत एक निवृत्त न्यायाधीश होते, ओस्वाल्दोसाहेब. त्यांनी हात वर केला. "म्हणजे खोटी साक्ष?"

"साक्ष नाही हो साहेब. इथली पद्धत आहे."

"पद्धत असेल तर हरकत नाही," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्यांच्याच मागे एल्विराबाई बसल्या होत्या. बारीकशा, नीट केस विंचरलेल्या. त्यांची पिशवी शेजारच्या सीटवर, तिला पट्टा बांधलेला. मी म्हटलं, वर ठेवू का? तर म्हणाल्या, "नको बाळ, खिडकीतून दिसू दे." मला वाटलं, औषधं असतील. औषधांना खिडकी कशाला, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी इग्वानांच्या विचारात होते.

आजोबा फाटकातच उभे. धुतलेला शर्ट, टोपी, कमरेला कोयता. एकेकाचा हात हातात घेऊन विचारायला लागले, "या, या. सकाळी कुठे फिरलात?"

"इग्वाना बघितल्या," पहिल्या बाई म्हणाल्या.

"कशा वाटल्या?"

"फार शांत. मन भरून आलं."

आजोबांनी जरा विचार केला. इग्वाना शांत असतात, हे खरं. पुढच्या गृहस्थांना विचारलं.

"सगळ्या ओळीनं होत्या," ते म्हणाले. "काही तर चार मजली."

"चार मजली?"

"आणि पांढऱ्याशुभ्र," तिसऱ्या बाईंनी भर घातली. "एकीवर तर इतका सुंदर देवदूत होता. नावं पण किती सुबक कोरलेली."

"इग्वानांवर?" आजोबा म्हणाले.

मी खोकत होते. येसेनिया, मी इतकं खोकले की मामानं झोपाळ्यातून पाणी हवं का विचारलं. तेवढ्यात ओस्वाल्दोसाहेब पुढे आले, वाकून नमस्कार केला आणि कोटाच्या आतून फुलांचा गुच्छ काढून आजोबांच्या हातात दिला. यजमानाकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, म्हणून. पांढरी फुलं. कुठून घेतली असतील? दफनभूमीच्या दारातून. देठांना काळी फीत.

आजोबांनी ती फीत दोन बोटांत धरली. बराच वेळ धरली.

"नार्सिसा."

"काय आजोबा."

"कुठली इग्वाना वारली?"

मामा झोपाळ्यातूनच ओरडला, "बाबा, करवतीत तेल घालून ठेवू का?" कुत्र्यामार्फत नाही, थेट. किती दिवसांनी बापाशी बोलला, आणि हे बोलला.

आजोबा ओरडले असते तर बरं झालं असतं गं. ओरडले नाहीत. फुलं हळूच फाटकाबाहेर ठेवली आणि म्हणाले, "पाहुणे आहेत. परत पाठवायचे नाहीत. सगळ्यांना आंघोळ."

"आजोबा, ही मोठी माणसं आहेत, साहेबलोक आहेत."

"गारठा काय माणूस बघून चिकटतो?"

मग काय विचारतेस. पिंपात पाणी, पाण्यात सताप. अंगणात दोन आडोसे उभे केले, एक बायकांचा, एक पुरुषांचा. कपड्यांना गारठा असतो म्हणून कपडे उतरवून उन्हात टाकायचे. आणि त्यांच्या बॅगा? हॉटेलात. मग आजीच्या पेटाऱ्यातले झगे बाहेर निघाले, मामाच्या शर्टांची पाळी आली. ओस्वाल्दोसाहेबांच्या वाट्याला मामाची फुटबॉलची पिवळी जर्सी आली, मागे दहा नंबर. जन्मभर काळ्या झग्यात बसलेला माणूस. पण त्यांनी ती अशी घातली, की जर्सीच जरा सावरून उभी राहिली.

मी अशी खाली मान घालून उभी. तर एल्विराबाई हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बाळ, हा तो कोकोचा विधी का? सहलीच्या पत्रकात लिहिला होता तो?"

पत्रकात मीच लिहिला होता. जमलंच तर काहीतरी करू म्हणून लिहिला होता. मी म्हटलं, "हो."

झालं. ती बातमी आडोशापलीकडे गेली आणि सगळे गंभीर झाले. आजोबा सतापाच्या जुडीनं एकेकाच्या खांद्यावर, पाठीवर, पायांवर मारत होते. मग तोंडात उसाची दारू घेऊन फुर्रकन अंगावर. मग सुवासिक लाकडाची धुरी. पाहुणे डोळे मिटून उभे. एक बाई रडल्या. ओस्वाल्दोसाहेब भिजलेल्या मिशांनी म्हणाले, "कीतोत याचे वेगळे पैसे घेतात आणि इतकं मनापासून करत नाहीत."

मामाचं तोंड हळूहळू लांब व्हायला लागलं. पाहुणे खूश होत होते ना.

मग आजोबा त्यांना पेटीच्या छपराकडे घेऊन गेले. शिरक्याचा असा वास, की डोळ्यांत पाणी. आजोबांनी केळीची पानं बाजूला केली, आतून वाफ वर आली, आणि सगळे म्हातारे-म्हाताऱ्या आजीच्या झग्यांत आणि मामाच्या शर्टांत चर्चमध्ये उभं राहावं तसे उभे राहिले. मला वाटलं, जिंकलो. खरंच वाटलं.

फक्त एल्विराबाई छपराच्या बाहेर थांबल्या होत्या. पिशवी छातीशी.

"या ना आत," आजोबा म्हणाले. "तुमची आंघोळ झालीय."

"माझी झाली," त्या म्हणाल्या. "पण ह्यांची राहिली."

सगळ्यांनी इकडे तिकडे बघितलं. मी सुद्धा. म्हटलं, कोणी गाडीत झोपून राहिलं की काय. एल्विराबाईंनी पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला. चॉकलेटचा जुना डबा, कडेचा रंग उडालेला. तो त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"आतिलिओ," त्या म्हणाल्या. "माझे मिस्टर. तुम्ही इतक्या श्रद्धेनं सगळं केलंत, मला फसवणं जमेना."

येसेनिया, कोकोच्या पेटीला बुडबुडे येतात ना, ते ऐकू येत होते.

मसणात जाऊन आलेल्यांचा गारठा एक वेळ धुता येतो. पण इथे मसणच पिशवीत घालून आणलं होतं. मी मामाकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, तो हसत होता ते पाठीला कळत होतं.

एल्विराबाई दाराबाहेरूनच बोलत राहिल्या. हळू, शाळेतल्या मुलीनं चूक कबूल करावी तशा. आतिलिओसाहेबांचं छोटं दुकान. मागच्या खोलीत जन्मभर चॉकलेटं केली. कोको यायचा पोत्यांतून. पोत्यांवर छापलेली गावांची नावं ते मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, एकदा झाड बघायचंय. सगळी शहरं करू आणि शेवटी झाड बघू. "तिकिटं काढली," त्या म्हणाल्या, "आणि मग हे गेले. मी म्हटलं, तिकिटं आहेत तर चला. लीमात ह्यांना धुकं दाखवलं. कीतोत जिना चढताना पहिल्यांदाच हे मला जड झाले. आता झाड तेवढं राहिलंय. पण तुमच्या पेटीला त्रास होणार असेल तर आम्ही दोघं गाडीत बसतो."

आजोबांनी टोपी काढली. कपाळ पुसलं. मग विचारलं, "मातीत दिलं होतं का त्यांना? मग काढलं?"

"नाही. जाळलं. त्यांनीच सांगून ठेवलं होतं."

"म्हणजे आगीत घातलं."

"हो."

"पुरते जळले? आतपर्यंत?"

एल्विराबाईंनी मान हलवली.

आजोबा पेटीकडे बघायला लागले. मग डब्याकडे. मग परत पेटीकडे. मी त्यांना कलमं करताना असं बघताना बघितलंय, कुठली फांदी कुठे बसेल याचा अंदाज घेताना. शेवटी ते बाहेर आले, बाईंचा हात मनगटाशी धरला, आत आणलं, आणि तो हात सरळ पेटीत, गरम गरात घातला. कोपरापर्यंत. बाई दचकल्या, पण हात काढला नाही.

"बघा, किती ऊन आहे," आजोबा म्हणाले. "गारठा असतो मातीत ठेवलेल्याला. जो आगीतून आला त्याला कसला गारठा? हा तर माझ्या कोकोपेक्षा जास्त भाजलाय. ह्याला आंघोळ नको. तुम्हा लोकांना हवी होती."

म्हणजे बघ हं. जिवंत माणसं सगळी धुतली, धुरी दिली, कपडे बदलले. आणि जो मेलेला, तो तसाच आत.

मामा म्हणाला, "बाबा, हा कुठला नियम?"

"आत्ता झाला," आजोबा म्हणाले.

मग ते सगळ्यांना घेऊन जुन्या बागेत गेले. सगळ्यात जुनं झाड आहे ना, ज्याचं खोड माझ्या कवेत येत नाही, तिथे. पानांचा थर इतका, की पाऊल बुडतं. एल्विराबाईंनी विचारलं, चिमूटभर ठेवलं तर चालेल का. आजोबा म्हणाले, "चिमूटभर माणूस कशाला? सगळा ठेवा. एवढ्या लांब आलाय." आणि त्यांनी प्रार्थना म्हटली. मी आजोबांना आजीनंतर प्रार्थना म्हणताना पहिल्यांदाच ऐकलं. बाईंनी डबा तिरका केला.

मामा माझ्या शेजारी. हळू आवाजात म्हणाला, "ठीक आहे. ज्याच्या मुळाशी माणूस ठेवला ते झाड तोडायचं नसतं, मला कळतं. ते एक झाड सोडतो. बाकीची तोडतो."

त्याचंही खरं होतं गं. एका झाडाखाली एक माणूस.

पण कोणीतरी डब्यातून जमिनीवर काहीतरी ओततंय, याचा आमच्याकडच्या कोंबड्यांना एकच अर्थ माहीत आहे. मका. कुठून आल्या कळलं नाही. एक, मग दोन, मग सगळं खुराडं. धावत आल्या आणि प्रार्थना चालू असतानाच दोन्ही पायांनी उकरायला लागल्या. फसा-फसा-फसा. राख पानांत, पानं मागे, मागची कोंबडी पुढे. बाईंच्या तोंडून "आतिलिओ" एवढंच निघालं.

आणि मामा धावला. लाज वाटली असेल त्याला, काही झालं तरी माणूस वाईट नाही. टोपी काढून "हुश, हुश" करत कोंबड्यांवर गेला. कोंबडीला हुसकलं की ती सरळ घरी जाते का? ती बागभर जाते. एक इकडे, एक ओढ्याकडे, एक पार कुंपणापर्यंत, पाय राखेनं पांढरे, आणि जाईल तिथे थांबून दोनदा उकरून पुढे. मामा त्यांच्यामागे. एकही झाड सोडलं नाही त्यानं. परत आला तेव्हा टोपीवर, भुवयांवर, सगळीकडे थोडे थोडे आतिलिओसाहेब.

मला एल्विराबाईंकडे बघायची हिंमत होईना. त्यांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं, नीट दाबून. मग म्हणाल्या, "ह्यांना एका जागी कधी बसवलंच नाही." आणि हसल्या, आणि मग आजोबांच्या दंडाला धरून खूप रडल्या.

आजोबा वाट बघत उभे राहिले. रडणं थांबल्यावर मामाला म्हणाले, "आता तू सांग वेलिंग्टन. हा माणूस कुठल्या झाडाशी सुरू होतो आणि कुठल्या झाडाशी संपतो?"

मामानं तोंड उघडलं. ओस्वाल्दोसाहेब दहा नंबरची जर्सी सारखी करत एक पाऊल पुढे आले. म्हणाले, "माझ्या मते, हद्द ठरवता येणार नाही."

मामा सरळ ओसरीत गेला, करवत मोटारसायकलला बांधली आणि परत द्यायला गेला. तोंडसुद्धा न धुता.

जेवायला कोंबडीचा रस्सा होता. कोणी हात लावला नाही. सगळ्यांनी भात आणि केळी खाल्ली आणि छान झालंय म्हणाले.

आता तू म्हणशील, संपलं, बाग वाचली. मला पण तसंच वाटलं. पाहुणे आपापल्या कपड्यांत गाडीत बसले, मी शेवटी निरोप घ्यायला पेटीच्या छपराखाली गेले. आजोबा गर खालीवर करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती आग कुठे मिळते?"

"कुठली आग?"

"ज्यात त्या माणसाला घातलं ती."

"ग्वायाकीलला आहे आजोबा. का?"

"मला त्यात घालायचं. आणि मग इथे आणायचं, झाडांत."

मी म्हटलं, "आजीच्या शेजारी तुमची जागा आहे ना. आईनं दगडावर नावसुद्धा कोरून घेतलंय. फक्त तारीख बाकी आहे."

"माहीत आहे. दर रविवारी वाचतो," ते म्हणाले. "त्या जागेतून मला पेटीपाशी यायचं झालं तर कोण आंघोळ घालणार?"

"आणि आजी? ती तिथे एकटीच?"

त्यांनी हातातलं लाकडी फावडं पेटीच्या कडेला टेकवलं. "तिला गारठा कधी सोसायचाच नाही," म्हणाले. "तिलाही काढ. नीट शेक, आणि घेऊन ये."

"आजोबा, आई मला मारून टाकेल. पाद्रीबाबा काय म्हणतील? आणि मामा?"

"त्यांना कशाला सांगतेस? तुला सांगतोय. आज बाग तू राखलीस." आणि त्यांनी माझं मनगट धरलं. हात कोपरापर्यंत ऊन, गरानं चिकट. "शब्द दे."

बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवतोय. आईनं तो दगड वर्षभर हप्ते भरून घेतलाय, दर शनिवारी जाऊन पुसते. आणि आजोबा मनगट सोडत नाहीयेत.

मी काय म्हटलं ते राहू दे. तू सांग, येसेनिया, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?